उजव्या कोपऱ्यातली संध्याकाळ

बोम्मसंद्राहून परतताना कंपनीच्या बसमध्ये रघूचा फोन आला. “अक्का गेल्या गं,” एवढंच म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज समई कोण लावणार? मग माझीच मला लाज वाटली. याला महिना होऊन गेला...

सुमित्राक्का माझ्या घरमालकीण, रघू त्यांचा भाचा. पुण्याहून नोकरीसाठी आले ती जयनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. पिढ्यान्पिढ्या बंगळुरात मुरलेली त्यांची मराठी. बोलताना मध्येच बरं म्हणायला ‘सरी’, जरा म्हणायला ‘स्वल्प’ असे कन्नड शब्द यायचे आणि माझ्या पुणेरी बोलण्याची यथेच्छ टिंगल व्हायची. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण दर रविवारी सकाळी शेजारपाजारचे आठ-दहा जण देवघरासमोर बसवून एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत. अठराव्या शतकातलं तंजावरचं, पणजीच्या माहेरचं. मधोमध गुटगुटीत बाळकृष्ण, गवळणी त्याच्या गुडघ्याएवढ्या, वर सोन्याची कमान. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी ट्यूबलाइट बंद करायला लावली. “सरी, आता स्वल्प थांब. डोळ्यांना सवय होऊ दे.” समईच्या उजेडात कमानीचं उठावाचं सोनं हललं आणि मी शहारले. काच त्यांनी कधी घालू दिली नाही. काचेत सोनं मरतं म्हणायच्या.

त्यांचा खरा जीव होता उजव्या कोपऱ्यावर. तंजावरच्या चित्रांत सावली नसते, सगळीकडे सारखा लख्ख उजेड. यात मात्र तो कोपरा तपकिरी, काळसर होत गेलेला. “आमच्या चित्रकारानं एकट्यानं संध्याकाळ रंगवली,” त्या अभिमानानं सांगत. “गाई परतायची वेळ. म्हणून कृष्ण तिकडं बघतोय, बघ.” ऐकणारे माना डोलवत. मीही डोलवली.

मग चौकटीला कीड लागली आणि मीच चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना घरी आणलं. त्यांनी त्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा हलक्या हातानं पुसली. खालून पोपटी हिरवा निघाला, अगदी ताजा. मला तर शोध लावल्यासारखं झालं. “अक्का, संध्याकाळ वगैरे काही नाही हो, उजवीकडच्या समईची काजळी आहे!” असं मी हसत म्हणाले. त्या हसल्या नाहीत. बाईंना चहा दिला आणि आत गेल्या. पुढचे दोन रविवार देवघर बंद राहिलं. एका वाक्यात मी त्यांचं आयुष्यभराचं शिकवणं पुसून टाकलं होतं आणि जिना उतरून माफी मागायचंही धैर्य मला होत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनीच खालून हाक मारली. सगळे जमले होते. अक्का उभ्या राहिल्या. “इतकी वर्षं मी तुम्हाला चूक सांगितलं. चित्रकारानं सावली काढलेली नाही.” मग हिरव्या ठिपक्यावर बोट धरून म्हणाल्या, “हा रंग त्याचा.” बोट हळूहळू काळ्याकडे सरकलं. “हा पणजीचा. हा आजीचा, आईचा. वरवरचा माझा. समई लावणाऱ्या बायकांनी त्याच्यावर संध्याकाळ चढवली. बाकीचं पुसू नका.” मग माझ्याकडे वळून, “काय पुणेकर, पटलं का?” मी सगळ्यांदेखत रडले.

गेल्या आठवड्यात रघूनं चित्र वर आणून दिलं. अक्कांनी तसं सांगून ठेवलं होतं. त्या दुरुस्तीवाल्या बाईंचा फोन आला, आता उरलेला कोपरा साफ करायचा का? नको म्हटलं. चित्राच्या उजव्या हाताला अक्कांची समई ठेवली आहे. संध्याकाळी कामावरून आले की ट्यूबलाइट बंद करून ती लावते आणि तो हिरवा ठिपका जवळून न्याहाळते. अजून लख्ख आहे. माझी काजळी धरायला वेळ लागेल.