फ्लेक्सवरची खालची रांग

आमच्या ह्यांना, म्हणजे भीमराजना, कुणी विचारलं की तुमचं काम काय, तर ते सांगतात, "नाही म्हणायचं." चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीत आहेत. मशीनवरून पार्ट येतात, हे त्यात मापाचा गेज घालून बघतात. गेज नीट बसला तर पार्ट पास, नाही बसला तर लाल डब्यात. मधलं काही नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस घरी येताना तो गेज कंपनीत ठेवून येतो की खिशात घालून आणतो, हे मला अजून कळलेलं नाही.

खोटं वाटत असेल तर मोशीत आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन विचारा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. टँकरच्या पाण्याने पायपुसणी, गाड्या धुवायच्या नाहीत असं ठरलेलं. एकदा मी एक पायपुसणं धुतलं. एकच! संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज: "पाण्याचा गैरवापर. सौ. रंभा भीमराज." खाली ह्यांचंच नाव. मी म्हटलं, अहो, बायको आहे मी तुमची! तर म्हणे, "म्हणून तर लगेच टाकला." दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

कंपनीत डेव्हिएशन नावाचा एक प्रकार असतो. माल अर्जंट पाठवायचा असेल आणि पार्टात थोडा फरक असेल, तर वरचे साहेब कागदावर सही करतात आणि माल जातो. तशी सही झालेल्या दिवशी हे घरी आले की भाजी खारट असते, पंखा आवाज करतो आणि मी फार बोलते. आमचे सासरे, अण्णासाहेब, पिंपरीच्या कारखान्यात बदली कामगार होते. पर्मनंट करायची वेळ आली तेव्हा साहेबांच्या गावचा माणूस पुढे गेला आणि सासरे शेवटपर्यंत बदलीवरच राहिले. सासऱ्यांनी त्याचा कधी उच्चार केला नाही, पण ह्यांच्या डोक्यात तो साहेब अजून खुर्ची टाकून बसलाय असं मला वाटतं.

तर असा हा माणूस फर्स्ट शिफ्ट करून आला की शाळेच्या मैदानावर जातो आणि मुलींना फुटबॉल शिकवतो. तरुणपणी स्वतः पिंपरीत खेळायचे, बरे खेळायचे म्हणतात. मुलींच्या जर्सींवर नंबर मी शिवते, आणि मॅच झाली की त्या धुतेही मीच. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या पोरींचा मला भारी लळा. त्यातही विजयश्रीचा. ती कॅप्टन, दहा नंबर. बाप नवनाथ बीडकडचा, हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. पोरगी चेंडू घेऊन निघाली की मी शिवणकाम सोडून बघत बसायची.

गेल्या वर्षी एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आमच्या मुलींचा फोटो झळकला. झालं! दुसऱ्या भाऊंच्या पोरांना राग आला आणि मैदानाच्या गेटला कुलूप लागलं. कितीतरी दिवस मुली रस्त्याच्या कडेला पळत होत्या. तेव्हा ह्यांनी नियम केला: शाळेच्या जर्सीतला ज्याचा फोटो कुठल्याही फ्लेक्सवर दिसेल, तो पुढच्या मॅचला बाहेर. सगळ्या मुलींनी मान डोलावली. मीही म्हटलं, बरं केलंत.

यंदा मुली फायनलला पोचल्या. मॅच शनिवारी, पिंपरीच्या मैदानावर, आणि जिल्ह्याचा संघ निवडणारी माणसं बघायला येणार. विजयश्रीचं वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्यात निवड झाली तर पुढे स्पोर्ट्सच्या कोट्यातून कॉलेज, नाही तर बापाने तिच्यासाठी आयटीआय बघून ठेवलेलं. पोरीला दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि बुधवारी चौकात फ्लेक्स लागला. तेच भाऊ, गॉगल लावलेले, आणि खाली शुभेच्छुकांमध्ये आमची विजयश्री, दहा नंबरची जर्सी घालून, चांगली हातभर मोठी. सेमीफायनल जिंकल्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता, त्यातून कापून घेतलेली. ह्यांनी कंपनीतून येताना बघितलं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "विजयश्री बाहेर."

माझ्या हातातलं भांडं पडलं. मी म्हटलं, अहो, पोरीने काय केलंय? म्हणाले, "फोटो दिसला."

ह्यांनी पोरीला फोनवर कळवलं, आणि थोड्या वेळाने नवनाथ तिला घेऊन आमच्या दारात. बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला. "सर, फोटो म्या दिला. भाऊंच्या पोरानं मागितला. भाऊंनीच तर कॅब लावून दिली मला, न्हाई कसं म्हणावं? पोरीला ठाव पण नव्हतं. तिला कामून शिक्षा?"

"नवनाथ, फोटो कुणी दिला असा नियम नव्हता. फोटो दिसला असा होता."

"आवो, पण हे तिचं शेवटचं वरीस हाय!"

"मला माहीत आहे."

विजयश्री बापाच्या मागून पुढे आली. मग तिने विचारलं, अगदी सरळ, उद्धटपणा नाही काही नाही. "सर, मी काय करायला हवं होतं? म्हणजे फोटो दिसू नये म्हणून?"

ह्यांनी दारातल्या चपला सरळ केल्या. मग म्हणाले, "शनिवारी यायचं. बाहेर बसायचं." ती "हो सर" म्हणाली आणि गेली. मला इतका राग आला की ह्यांचं ताट मी आपटूनच वाढलं. हेडबाईंचाही फोन आला, एवढी मॅच सांभाळून घ्या म्हणून. हे म्हणाले, "म्हणजे डेव्हिएशनच की." बाईंना ते काय कळणार! त्यांना वाटलं, सर तयार झाले.

रात्रभर माझी चिडचिड. ह्यांचं चुकतंय असं म्हणावं, तर गेटचं कुलूप आठवायचं. बरोबर आहे म्हणावं, तर त्या पोरीचं "हो सर" कानात. सकाळी दोरा आणायला चौकात गेले, तर त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले आणि त्या गॉगलवाल्याला मनात चार शिव्या घातल्या. वरची रांग बघितली, मधली बघितली. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं एक डोकं. गळ्यात शिट्टी, अंगात शाळेची जर्सी. अगं बाई! आमचे हे! त्याच फोटोतून कापलेले!

काय सांगू, मला चौकातच हसू फुटलं. आता सापडला म्हटलं बेटा. ह्यांनाही ठाऊक नाही, पोरीलाही ठाऊक नाही. म्हणजे दोघं सुटले. दोरा तसाच राहिला. ह्यांची वाट बघत मी संध्याकाळपर्यंत दारातच घिरट्या घालत होते. आल्या आल्या सांगितलं.

ह्यांनी बाइक काढली, चौकात जाऊन बघून आले. खुर्चीत बसले. गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मग मीपण बाहेर," म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गेले होते पोरीला सोडवायला, आणि पोरींचा कोचच घालवून आले! रडले, भांडले, "अहो, दोघांनाही माफ करा की!" असं दहा वेळा म्हणाले. तर म्हणे, "माझ्या स्वतःवर आली म्हणून सगळ्यांना पास? मग वडिलांच्या त्या साहेबात आणि माझ्यात काय फरक?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. खरं सांगते, त्या क्षणी मला ह्यांचा अभिमानपण वाटला आणि ह्यांना बदडून काढावं असंही वाटलं.

शनिवारी जाळीच्या बाहेर आम्ही तिघं. हे, विजयश्री आणि मी. आत बाकावर ह्यांच्या जागी सुमनताई, शाळेच्या लायब्ररीच्या बाई, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. मलाही कळत नाही, पण मला निदान कुणी विचारत नव्हतं. पहिल्या हाफमध्येच आमच्यावर गोल बसला. हाफटाइमला गोलकीपर कस्तुरा पळत जाळीपाशी आली. मोशीच्या जुन्या गावकरी घरातली पोर, तोंडाने फटकळ.

"सर, त्यांची ती उंच पोरगी आवरत न्हाई! काय करू?"

ह्यांनी बाकाकडे बोट केलं. "सुमनताईंना विचार."

"त्यास्नी काय कळतंय!"

तेव्हा विजयश्री म्हणाली, "सर, मी खेळायचं नाही असं ठरलंय. बोलायचं नाही असं ठरलं नव्हतं. बोलू का?"

हे विचारात पडले. गेज बसतोय की नाही, तेच कळेना. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही." ह्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. विजयश्रीने उत्तराची वाट बघितली नाही. जाळीला बोटं अडकवून सगळा हाफ ओरडत राहिली. कस्तुरा, पुढे ये! लाइनीत थांबू नको! डावीकडं दे! कस्तुराने किती चेंडू अडवले म्हणता! आमच्या पोरींनी एक गोल फेडलासुद्धा. मी तर जाळीवर चढायचीच बाकी होते. पण शेवटी त्या उंच पोरीने डाव साधला. हरलो.

निवड करणाऱ्यांनी आमची एकच मुलगी घेतली, कस्तुरा. सगळ्यात जोरात टाळ्या विजयश्रीने वाजवल्या. मग ती ह्यांच्यापाशी आली.

"सर, आपल्या दोघांना सारखीच शिक्षा झाली ना?"

"हो."

"तुम्ही सोमवारी परत येणार ना मैदानावर?"

"हो."

"मग तुमचं काय गेलं, सर?"

ती चिडलेली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच जास्त लागलं. नवनाथने तिला हाताला धरून नेलं. रविवारी हे जेवले नाहीत धड. मी भाजीत मीठ घालायची विसरले होते, तेही ह्यांना कळलं नाही.

सोमवारी धुतलेल्या जर्सींची पिशवी घेऊन मी मैदानावर गेले. विजयश्री आली होती, रांगेत पहिली. ह्यांनी मुलींना जवळ बोलावलं. "नियम बदलतोय," म्हणाले. "इथून पुढे आधी विचारायचं. फोटो कुणी दिला, खेळाडूला माहीत होतं का. माहीत नसेल तर शिक्षा नाही." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला तर हायसं वाटलं. सुचलं म्हटलं एकदाचं!

"नको सर," विजयश्री म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"आज बदलला, तर मग शनिवारी मी बाहेर का होते?"

कस्तुरा म्हणाली, "अगं, पण उद्या माझा फोटो कुणी लावला तर? माझी बी निवड जाईल की!"

"तर तूपण बाहेर," विजयश्री म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा आवाज फुटला. शनिवारपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. कस्तुरापण रडायला लागली. ह्यांनी हातातला चेंडू या हातातून त्या हातात घेतला, मग खाली ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं. मैदानावर हे माझ्याकडे कधी बघतसुद्धा नाहीत.

"रंभा," म्हणाले, "तू सांग."

माझं तोंड कधी बंद राहत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पण बदला म्हणावं, तर या पोरीने फुकट भोगलं. बदलू नका म्हणावं, तर उद्या दुसरी कुणी भोगणार. मी पिशवी खाली ठेवली आणि विजयश्रीला जवळ घेतलं. पिशवीत सगळ्यात वर तिची दहा नंबरची जर्सी होती. तेवढी एक मला धुवावी लागली नव्हती.