सोडायचा मासा

मासा कसा धरायचा हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. भीमेच्या काठावर आमच्या घरात ती शिकवायची गोष्टच नव्हती. पाण्यातून काढलेला मासा बुळबुळीत असतो, निसटतो. म्हणून अंगठा आणि बोट कल्ल्यात घालायचं आणि उचलायचा. वडील तसेच उचलायचे. आठवीतून शाळा सोडून मी त्यांच्याबरोबर होडीत बसायला लागलो, तेव्हा मीही तसाच उचलायला लागलो. कल्ल्यात बोट गेलेला मासा फार वेळ जगत नाही. पण त्याला जगून जायचं कुठं होतं? टोपलीतच.

आता मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी गावच्या एका हॉटेलात आचारी आहे. कसा आलो ते सांगायचं तर पुष्कळ जणांचे आभार मानावे लागतील आणि त्यातही काकांचे सगळ्यात जास्त.

काका पहिल्यांदा भेटले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. सत्तरीचे गृहस्थ, औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, हातात मच्छी करीची वाटी. "हे कुणी केलं?" असं त्यांनी विचारलं. तक्रार आली की मला आधी व्हिसा आठवतो.

"मी केलं, काका."

"मसाला फर्स्ट क्लास आहे. पण मासा मेलेला आहे."

"मेलेलाच असतो ना, काका."

"अरे तसा नाही. हा बर्फात मेलाय."

खरंच होतं. फ्रीजरमधला बासा, त्याला ना चव ना वास. मी हळूच म्हणालो की मी नदीकाठचा आहे, मलाही तो शिजवताना लाज वाटते. त्यांनी वाटी खाली ठेवली. "सुट्टी कधी असते तुला?"

मंगळवारी आमचं हॉटेल बंद असतं. त्यानंतरचे माझे मंगळवार काकांचे झाले. गाडीच्या लायसनचं पुस्तक त्यांनी मला मराठीत समजावून दिलं आणि त्यांच्याच गाडीवर शिकवलं. व्हिसाच्या वकिलाकडून पत्र आलं की मी ते न उघडता त्यांच्याकडे न्यायचो. ते चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "आचारीबुवा, कागद मिळाले एवढंच लिहिलंय. श्वास घ्या आता." मुलगी दूर कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. हॉलमध्ये एकच मोठा फोटो होता. माँटानातल्या कुठल्याशा नदीत काका-काकू गुडघाभर पाण्यात उभे, आणि काकूंच्या हातात पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला एक मासा. "ग्रेलिंग," काका म्हणायचे. "तिनं धरला. मला आयुष्यात एकही लागला नाही."

पहिल्या ऑक्टोबरात ते मला डोंगरात घेऊन गेले. अडीच तास पश्चिमेला, वळणावळणाचा रस्ता, झाडं पिवळी-तांबडी झालेली. नदी म्हणायची, पण आमच्या भीमेच्या मानानं ओढाच. पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. झाडावर काळी-पांढरी पाटी होती. ती मला नीट वाचता येईना. काकांनी वाचून दाखवली. ऑक्टोबरपासून उन्हाळा लागेपर्यंत इथला ट्राऊट मासा धरायचा आणि तिथल्या तिथे सोडायचा. एकही घरी न्यायचा नाही.

"मग धरायचा कशाला?"

"धरायचा म्हणून."

फोनवर वडिलांना सांगितलं तर ते हसत सुटले. "म्हणजे माणसाला जेवायला बोलवायचं आणि उंबऱ्यावरून परत धाडायचं. तुमच्या अमेरिकेत पाहुणचार लई भारी."

पण मी शिकलो. मासेमारीच्या लायसनची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवायची, आणि दर अर्ध्या तासानं ती आहे ना हे चाचपायचं. हे शेवटचं काकांनी शिकवलं नाही, ते माझंच. बाकी सगळं त्यांचं. आकड्यावर पिसांची खोटी माशी बांधायची. माशाला हात लावायच्या आधी हात ओले करायचे. त्याला पाण्याबाहेर फार ठेवायचं नाही. खालून अलगद आधार द्यायचा, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. "आपण सोडायचा नाही," काका म्हणायचे. "तो जाईल तेव्हा जाईल."

मासा कुठल्या खडकामागं असेल ते मी पाण्याकडे बघून सांगायचो, आणि बहुतेक वेळा तो तिथंच असायचा. "मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून येतोय," काका चिडल्यासारखं करायचे, "आणि हा नुसता बघून सांगतो." मी म्हणायचो, "माझं शिक्षणच तेवढं झालंय, काका." शरदाचे दोन मोसम आम्ही असे गेलो. त्या दोन मोसमांत माझ्या हातून एकही मासा दगावला नाही. हे मुद्दाम सांगतोय.

तिसऱ्या उन्हाळ्यात काकांना आतड्याचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. त्या औषधानं त्यांच्या बोटांतली जाणीव गेली. शर्टाचं बटण लावताना ते बोटांकडे असे बघायचे, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. आणि गार वस्तू अजिबात सहन होईना. फ्रीज उघडायला हातमोजे लागायचे, गार पाण्याचा घोट घेतला तर घशात सुया टोचल्यासारखं व्हायचं. मंगळवारी मी मऊ भात, मुगाचं कढण असं काहीतरी करून न्यायचो. ते दोन घास खायचे आणि उरलेल्याचं तोंडभरून कौतुक करायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी मुलगी त्यांना फ्रीमाँटला नेणार असं ठरलं. परत येणं नव्हतं. ते तिनं सांगितलं नाही, पण घर विकायला काढलं होतं.

"जायच्या आधी एक मासा," काका मला म्हणाले. "धरायचा आणि सोडायचा. बस."

"काका, तुम्हाला झेपेल का?"

"तिथं गेल्यावर मी काय करणार माहितेय? टाउनहाऊसच्या खिडकीतून पार्किंग बघत पडणार. तेव्हा डोळे मिटल्यावर काहीतरी दिसायला हवं ना. मासा परत पाण्यात जाताना दिसला तर पुष्कळ झालं."

मुलीचा फोन आला. ती इथंच जन्मलेली, मला दादा म्हणते. "दादा, मी नाही म्हटलं तर ही विल नेव्हर फर्गिव्ह मी. पण त्यांना कोल्ड वॉटर टच करू देऊ नका हं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस, ताई."

म्हणजे ठरलं ते असं. काका काठावर खुर्चीत बसून गळ टाकणार, मासा लागला की ओढणार. पाण्यात मी उभा राहणार. जाळीत मी घेणार, आकडा मी काढणार आणि सोडणारही मीच.

मी रात्रभर तयारी केल्यासारखा गेलो होतो. दोन थर्मास, तीन ब्लँकेटं, औषधांची पिशवी, जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता कागदावर लिहून. काका म्हणाले, "आपण मासे धरायला चाललोय की लढाईला?"

खडीवर घडीची खुर्ची मांडली. त्यांच्या हातात दोन-दोन मोजे. माशी मी बांधली, गाठ मी मारली. रॉड त्यांनी धरला, तेव्हा मात्र मनगटाला सगळं आठवत होतं. दोन तास काही नाही. त्यांचा खांदा भरून आला. गारठ्यानं डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, तेही औषधामुळेच. मी म्हणालो, "काका, निघूया का?" ते म्हणाले, "आचारीबुवा, तुम्ही तुमच्या जागी उभे राहा."

आणि मग लागला.

रॉड वाकला, रीळ किरकिरलं. काका ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आला रे. आला." ते दोन्ही कोपरं पोटाशी धरून ओढत होते. मी मांडीभर पाण्यात जाळी घेऊन. मासा मोठा होता, मातकट पिवळा, अंगावर तांबडे ठिपके. एकदा खोलात गेला, परत आला. शेवटी दमून माझ्याकडे वळला आणि मी जाळी त्याच्या खाली नेली.

जाळीत आला आणि उसळला. आकडा सुटला. मासा जाळीच्या कडेवरून पाण्यात निसटायला लागला.

तो निसटू दिला असता तर झालंच होतं. तेच तर हवं होतं. मी फक्त हात मागं घ्यायचा होता. पण माझ्या हाताला ते कळलं नाही. निसटणाऱ्या माशाचं काय करायचं हे त्या हाताला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. अंगठा आणि बोट कल्ल्यात गेलं, घट्ट बसलं, आणि मी मासा वर उचलला.

मग रक्त दिसलं.

मी काकांकडे पाठ केली, वाकलो, त्याला पाण्यात धरलं. तोंड प्रवाहाकडे, पोटाखाली तळवा. पाणी तांबूस होऊन वाहून जात होतं.

"दाखव ना जरा," मागून काका म्हणाले. पंधरा-वीस पावलांवर होते ते.

जखमेची बाजू माझ्याकडे ठेवून मी त्याला थोडा वर धरला.

"वा. ब्राऊन ट्राऊट आहे. नर आहे बघ, खालचा जबडा कसा वळलाय." मग म्हणाले, "आता जाऊ दे. घाई करू नको."

मी घाई केली नाही. पाण्यात त्याला पुढं-मागं हलवत राहिलो. त्यानं एकदा तोंड उघडलं. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. माझे हात बधिर झाले. मी मनात काय काय म्हणत होतो ते आता सांगण्यात अर्थ नाही. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला या देशात ज्यानं उभं केलं, त्यानं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

"गेला?"

मी पाण्याखाली हात उघडला. मासा कुशीवर वळला आणि प्रवाहाबरोबर निघाला. गोट्यांना अडखळत, खाली, वळणाकडे. एकदा पांढरं पोट दिसलं. मी वळून पाहिलं तर काका चष्मा काढून डोळे पुसत होते.

"गेला, काका."

"कसा गेला? मला नीट दिसलं नाही."

हे ते विचारतील असं मला वाटलंच नव्हतं.

"शेपटी हलवली," मी म्हणालो. "जरा थांबला. मग त्या मोठ्या दगडाच्या मागं, खोल पाण्यात."

"लगेच नाही गेला?"

"नाही. थांबला थोडा."

काकांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर त्यांनी मोजा घातलेला हात माझ्या हातावर ठेवला. मला म्हणाले, "थँक यू रे." मी त्यांना हजारदा म्हटलं असेल, ते मला पहिल्यांदा म्हणाले. मग सगळा रस्ता झोपले. मी गाडी चालवत होतो आणि वाटत होतं की मागून कुणीतरी गणवेशातला माणूस येईल, मेलेला मासा दाखवून विचारील, हा कुणी मारला? आला असता तर बरं झालं असतं.

वडिलांना मात्र मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोटाला काय कळतं? वळण माझं हाय." आणि थोड्या वेळानं, "म्हाताऱ्याला सांगू नकोस."

फ्रीमाँटला गेल्यावरही मंगळवारी काकांचा फोन यायचा. आवाज दर आठवड्याला बारीक होत गेला. "आज परत बघितला," ते म्हणायचे.

"कुणाला, काका?"

"आपल्या माशाला. तू सांग बरं पुन्हा, कसा गेला."

आणि मी सांगायचो. शेपटी, थांबणं, दगड. पुढं पुढं त्यात माझ्याकडून भर पडायला लागली. पाण्यावर ऊन होतं, दोन पिवळी पानं वाहत होती, त्यांच्याखालून गेला. तीनदा मी ठरवलं की आज खरं सांगायचं. एकदा तर "काका, एक बोलायचं होतं," इथपर्यंत आलो. ते म्हणाले, "वकिलाचं पत्र आलं का? घाबरू नकोस, फोटो पाठव, मी वाचतो." मी म्हणालो, "हो, पाठवतो." आलं नव्हतं पत्र.

हिवाळ्याच्या शेवटी ते गेले. मला जाता आलं नाही. शोकसभा झूमवर होती, दुपारची. मी हॉटेलच्या कोठारात कांद्याच्या पोत्यावर बसून फोन समोर धरला होता. मुलगी बोलायला लागली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. शेवटच्या आठवड्यात बाबा पेनमध्ये होते, म्हणाली, पण डोळे मिटले की ते त्या रिव्हरवर जायचे. मग तिनं सगळं सांगितलं. कसा शेपटी हलवून थांबला. कसं ऊन होतं. ती दोन पानंसुद्धा. माझा शब्द न् शब्द, फक्त इंग्रजीत. चौकटीचौकटीतली माणसं डोळे पुसत होती.

"आणि हे ज्यांच्यामुळे झालं ते दादा आज इथं आहेत. दादा, अनम्यूट करा ना. काहीतरी बोला."

मी माईक चालू केला. पन्नास-साठ चेहरे माझ्याकडे बघत होते.

"काकांचे माझ्यावर फार उपकार आहेत," मी म्हणालो. एवढंच खरं होतं. मी माईक बंद केला. कुणीतरी खाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, मग सगळ्यांनीच पाठवलं.

परवा तिचा फोन आला होता. येत्या ऑक्टोबरात मुलांना घेऊन येते म्हणाली. आजोबांचा मासा कुठं सोडला ती जागा मुलांना बघायची आहे, आणि तुम्हीच त्यांना सांगा, तुम्ही छान सांगता.

मी म्हणालो, "या, ताई."