लीक, दुकानातलं आणि घरातलं

जामसंड्यात आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. वडील गेल्यापासून मीच ते चालवतो. गिऱ्हाईक काउंटरशी येतं आणि एवढंच म्हणतं, "लीक आसा." नळ, टाकी, शेगडीची नळी, पंपाचं ऑइल, स्लॅब, सगळ्याला हा एकच शब्द. पुढची उलटतपासणी मी करायची. टीव्हीवर परीक्षेचा पेपर लीक झाल्याची बातमी आली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, त्याला बसेल असा वॉशर आहे का तुझ्याकडे. मला हसू आलं नाही. त्या दुकानात हल्ली कशाचंच येत नव्हतं. चाळिशी जवळ आली होती आणि काउंटर ते मागचं शेल्फ एवढंच माझं जग होतं. जीव गुदमरायचा.

म्हणून पुण्यातल्या एका पंपाच्या कंपनीत गुपचूप अर्ज केला. नोकरी मिळाली. दोन आठवड्यांत रुजू व्हायचं होतं. फक्त आईला सांगितलं आणि निघेपर्यंत कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं, कारण चुलत्यांना कळलं तर दुकान बंद करू देणार नाहीत. तिने शब्द दिला.

पण देवाला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं, हे तिला मान्य नाही. सोमवारी ती मला गावच्या देवळात घेऊन गेली. नव्या नोकरीसाठी गाऱ्हाणं घालणार, असं मी धरून चाललो. आमच्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. गुरव ते देवापुढे मोठ्याने बोलतो. हे जन्मापासून माहीत असूनही मी गाढवासारखा हात जोडून उभा राहिलो. मागे सगळे चुलते होते. आईने गुरवाला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरान दुकान बंद करून पुण्याक जावचो इचार केल्यान हा. तेची मती फिरव आणि तेका आवशीकडे घरातच सुखी ठेव रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

त्यात माझाही आवाज होता. गाऱ्हाण्याला लहानपणापासून तोंड आपोआप उघडतं. आईने वळून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. देवाने इतक्या लवकर ऐकलं, असं ती मोठ्या काकांना म्हणाली.