जिजीने रचलेली बाई

जिजी बाजारात गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायची. दर हिवाळ्यात नंदुरबारला एका मैदानावर आमचा हस्तकलेचा बाजार भरतो. मी कागदाच्या लगद्याचे पक्षी करते, ती चित्रं करायची, आणि दोघींत मिळून एक टेबल. माझं तोंड येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे, तिचं मागच्या कनातीकडे. पदर कपाळाच्याही खाली ओढलेला, मांडीवर पिशवी, आणि हात त्या पिशवीत उगाच काहीतरी शोधत असलेले. तिच्या गावचं, धानोऱ्याचं कुणी दिसलं की ती वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागे. "पाटलासनी सून बजारमा बसनी, लोकं काय म्हनतीन?" हे ती मला दिवसातून कितीदा तरी विचारायची. मी उत्तर देणं सोडून दिलं होतं.

घरी केळी, ऊस, कपाशी, दारात ट्रॅक्टर. तिला बाजारात बसायची काही गरज नव्हती, आणि हीच तिची अडचण होती. गरज असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. दुपारी घर झोपलं की ती गोठ्यात जाऊन गोणपाट पसरायची. त्यावर कपाशीच्या बोंडांची वाळकी टरफलं, केळीच्या सोपटाचे धागे, फुटक्या बांगड्या, सासूच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या शिवायची, चिकटवायची. कापूस वेचायला निघालेल्या बायांचं तिचं एक चित्र होतं. बायांना चेहरे नव्हते, पण कोण दमलेली आहे आणि कोण नुकती लग्न होऊन आलेली, ते नुसत्या पाठीवरून कळायचं. चिंध्या जोडत बसते हे नवऱ्याला, आबांना, माहीत होतं. विकते हे माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवसांत ती 'बहिणीकडे जाते' म्हणून निघायची.

चित्र कुणी केलं, असं गिऱ्हाइकाने विचारलं की जिजी मान न वळवता सांगायची, "खेडामा एक बाई शे, ती करस." पहिल्या वर्षी एवढंच. पण लोक पुढे विचारतात. कोण बाई, कुठली, घरी कोण आहे? जिजीला उत्तरं द्यावी लागली, आणि एकेका उत्तराने ती बाई वाढत गेली. तिचा नवरा वारला. एका खोलीत राहते. कुडाच्या भिंतीतून वारा येतो. हे सांगताना जिजीचा आवाज मऊ व्हायचा. मला तर कधी कधी वाटे, त्या बाईबद्दल तिला खरोखरच वाईट वाटतंय.

गेल्या वर्षी धडगावकडची एक मास्तरीण आली. पावरा समाजातली, आश्रमशाळेत शिकवणारी, कामासाठी दोन दिवस नंदुरबारला आलेली. तिने कापूसवाल्या बायांचं चित्र घेतलं, त्या बाईची सगळी हकीकत मन लावून ऐकली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली ती हातात घोंगडी घेऊन. नवी नव्हती, पण स्वच्छ धुतलेली, नीट घडी घातलेली. तिच्या वडिलांची, प्रवासात पांघरायला सोबत आणलेली, असं म्हणाली. थंडी वाढली आहे, त्या बाईपर्यंत पोचवाल ना, असं तिने विचारलं. जिजीने दोन्ही हात पुढे केले आणि घोंगडी घेतली. दुसरं काय करणार होती? मास्तरीण जीप गाठायला निघून गेली.

जिजी घोंगडी मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मलाही तिच्याकडे बघवेना. मग ती एकदम उठली आणि चालू लागली. मी शेजारच्या टेबलवाल्याला लक्ष ठेवायला सांगून तिच्यामागे धावले.

जीप भरत आली होती. मास्तरीण मधल्या बाकावर बसली होती. जिजीने खिडकीतून घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ती विधवा बाई दुसरी कोनी नही. ती मीच शे."

मास्तरीण रागावली नाही. तिने घोंगडीवरून हात फिरवला आणि शाळेतल्या मराठीत शांतपणे म्हणाली, "माझी आई घराच्या भिंतीवर चित्रं काढते. सगळ्या पाड्याला माहीत आहे. तुम्हाला लपवायचं काय होतं?"

जीप सुटली. आम्ही वळलो, तर मागे कॅन लावलेली मोटारसायकल धरून धानोऱ्याचा दूधवाला उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. जिजी घरी पोचण्याआधी बातमी पोचली, आणि तीही अर्धीच: पाटलांची सून बाजारात स्वतःला विधवा म्हणवून घेते.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा चित्रं न्यायला आला. चित्रं चादरीत बांधताना त्याने सगळ्यांची तोंडं आत केली.

महिन्याभराने मी धानोऱ्याला गेले. आबा ओसरीवर बसले होते. जिजी रागीट माणसाला भीत असेल असं मला वाटायचं. पण आबा अगदी साधे, हळू बोलणारे निघाले. त्यांनी मला पाणी दिलं, केळी पुढे ठेवली. बाजारात बसली याचं मला एवढं नाही, असं ते म्हणाले. गावात लोक हसतात, तेही चालेल. दाराआड उभ्या असलेल्या जिजीकडे न बघता त्यांनी विचारलं, "पन माले कसाले मारी टाकं?"

जिजी आतूनच बोलली. तिच्या बोलण्यात ना राग होता, ना रडणं, हिशेब समजावून सांगावा तसं ती म्हणाली, "तुम्ही जित्ता राहतात तं तिले बजारमा कोन बसू देतं?"

आबा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि मळ्याकडे निघून गेले. त्यांची चाल एकाएकी म्हाताऱ्या माणसासारखी वाटली.

जिजी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. भर दुपारी, गावातून, डोक्यावर नुसता पदर घेऊन. पारावरची माणसं बघत होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात याल ना, असं मी विचारलं. आबा नको म्हणत नाहीत, उलट जा म्हणतात, असं तिने सांगितलं. मग अडचण काय, असं मी विचारायला नको होतं.

"पहिले मी दुनियाले लाजू," ती म्हणाली. "आते एकच मानूसनी लाज शे. तो रोज समोर जेवाले बसस."

रिक्षा आली. तिने माझ्या हातात केळीची फणी दिली आणि मी बसायच्या आधीच ती घराकडे वळली.