उन्हात न दिसलेली आग

बायको गेली आणि मी बाळकुमचं मिठागर सोडून खाडीकाठच्या दारूच्या कारखान्यात लागलो. कोपरीत एक खोली घेतली. घरी बोलायला कोणी नव्हतं. बोलणं व्हायचं ते कामावर, तेही एकाच माणसाशी. तो कल्याणचा कोळी, माझा जोडीदार.

मोहाच्या दारूची वाफ ज्या तांब्याच्या नळांतून जायची, त्यांचे सांधे आम्ही दोघं सांभाळायचो. नळांच्या तोंडाला दोन चकत्या, मधे वाखाची गादी, भोवती आठ बोल्ट. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा, म्हणजे गादी सगळीकडून सारखी दबते. भट्टी तापली की बोल्ट थोडे ढिले होतात, म्हणून पुन्हा एक फेरी. ती फेरी चुकवायची नाही, नाहीतर सांध्यातून वाफ सुटून पेट घेते, असं मोठ्या मिस्त्रींनी दोघांना बजावलं होतं.

त्या दिवशी पाना माझ्या हातात होता. पहिली फेरी झाली, नळ तापू लागला, आणि जेवणाची घंटा वाजली. भूक लागली होती. "दुसरी जेवून करतो," असं म्हणून मी पाना खाली ठेवला.

तो माझ्याआधी जेवून उठला आणि सांध्याकडे गेला. मी हात धूत होतो, तेवढ्यात त्याची हाक आली, "अरे, हात जळतोय माझा!"

धावलो. सांध्यावर भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि आग कुठेच दिसेना. दारूची आग उन्हात दिसत नाही. हवा नुसती थरथरत होती आणि त्याच्या सदऱ्याची बाही काळी पडत वर सरकत होती. मी ओलं गोणपाट त्याच्या हाताला गुंडाळलं, नळाची चावी फिरवली, सांध्यावर वाळू लोटली. आग विझली. त्याच्या उजव्या हाताची बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत.

कल्याणला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात आली. "झोपलेत," म्हणाली. आतून त्याचं खोकणं ऐकू येत होतं. आणलेली केळी ओट्यावर ठेवून परतलो. पुन्हा गेलो, तेव्हाही झोपलेलाच होता.

वर्षभराने तो कल्याणच्या खाडीवर भेटला. मी म्हणालो, "दुसरी फेरी माझी होती. मी जेवायला बसलो."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "घंटा मीही ऐकली होती. राग नाही रे तुझ्यावर. पण तू समोर आलास की हात पुन्हा भाजायला लागतो. येत नको जाऊस."

मी गेलो नाही.

पुढे कारखान्याने मला दुसरे जोडीदार दिले. नळ तापला की मी त्यांना भिंतीपलीकडे पाठवायचो आणि एकटाच पाना फिरवायचो. माणूसघाणा म्हणायचे मला. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. मग घरी चूल पेटवताना मी मोठ्याने काहीबाही बोलू लागलो.

एकदा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "पाहुणे आलेत वाटतं?"

मी हो म्हणालो.