उलटा धरलेला पत्रा

परवा कर्जतच्या बाजारात टर्पेंटाइनचा वास आला आणि चौक गावचा म्हातारा पेंटर आठवला.

आमच्या भातगिरणीच्या पाटीसाठी मी तिघा पेंटरांकडून पत्र्यावर नमुने लिहून घेतले होते. आईला वाचता येत नव्हतं. म्हाताऱ्याचा पत्रा तिने उलटाच धरला, बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “ह्योच बरा हाय.”

मी त्या तिघा पेंटरांसमोरच हसलो. ओशाळून तिने पत्रा खाली ठेवला.

म्हातारा म्हणाला, “हसू नको रं. अक्षरं सारखी बसली का, ते आमी उलटं धरूनच बघतो. सरळ धरलं का माणूस वाचीत बसतो.”

आईने पत्रा उचलून माझ्या हातात दिला, पुन्हा उलटाच. मी तो तेव्हा सरळ करून घेतला.

आज तिने दिला तसाच धरला असता.