अप्पांनी ऐकलेलं व्याख्यान

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. पण हार-तुरे मिळाले ते क्वांटम आणि वेदान्त यांवरच्या व्याख्यानांना. इलेक्ट्रॉन कुठे आहे ते बघितल्याशिवाय ठरत नाही. बघणारा आणि बघायची वस्तू वेगळी नाही, हे आपल्याकडे कधीच सांगून ठेवलंय, असं म्हटलं की टाळ्या ठरलेल्या. एक भाग मी गाळायचो. तो सांगितला तर सभा थंड पडली असती.

उदगीरच्या व्याख्यानाला माझे वडील, अप्पा, पहिल्या रांगेत होते. सगळं आयुष्य आडतीत गेलेलं. रोज आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे टक लावून बसायचे. घरी आल्यावर म्हणाले, "लई ब्येस बोललास. आम्ही रोज ह्येच करतो की." मला आकाश ठेंगणं झालं.

पाच महिन्यांनी गावी गेलो, तर लिंगाचा दोरा अप्पा सारखा बाजूला सरकवत होते. मी हात लावून पाहिलं. मानेत लिंबाएवढी गाठ होती.

"कधीपासून?"

"तुझ्या भाषणाच्या आधीपासून हाय."

"मग डॉक्टरला दाखवली का नाही?"

"तूच म्हनलास की, बघितल्याबिगर काय ठरत न्हाई. डाक्टरनं बघितलं की ठरंल. त्यापरीस ऱ्हाऊ दे म्हनलं."

थट्टा करताहेत असं वाटून मी हसलो. ते हसले नाहीत.

लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी व्याख्यानं देतो हे मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

अप्पा त्यातच गेले. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. अप्पांना मांडी घालून खड्ड्यात बसवलं, तर मान सारखी गाठीच्या बाजूला कलत होती. विधी करणाऱ्या जंगमांनी सांगितलं तसं मी लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. मी ती धरून ठेवली, मग लोकांनी माती लोटली.

व्याख्यानं मी बंद केली. परवा क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, "सर, कणाकडे कुणी बघितलंच नाही तर?"

मी फळ्याकडे तोंड करून उत्तर दिलं. "बघायला माणूस लागतच नाही. हवेचा एखादा रेणू धडकला तरी पुरतं. कुणी बघो न बघो, ठरायचं ते ठरतं."

गाळायचो तो भाग हाच. उदगीरच्या स्टेजवरही तो मला पाठ होता.